टाळूला लागलेली जीभ

बोलणारा माणूस मागच्या बाकावर होता आणि बोलणी मात्र पुढच्या बाकावरच्या त्याला खावी लागली. मागचा माणूस फोनवर कुणाला तरी न्हाणीघरातल्या फरशीचा रंग समजावून सांगत होता, आणि तो रंग आता अख्ख्या बसला पाठ झाला होता: पांढरा नव्हे, पांढऱ्यासारखा, पण पांढरा म्हटलं की दुकानदार पांढराच काढून देईल असा. बस खच्चून भरलेली. पुढे त्याच्या मांडीवर बायकोच्या लोकरीच्या कपड्यांची फुगलेली बॅग होती, थेट हनुवटीपर्यंत आलेली, आणि त्या बॅगेवरून तो नेहमीसारखा शांतपणे समोर बघत होता. निदान त्याची तशी समजूत होती. तेवढ्यात शेजारची मुलगी, दातांच्या दवाखान्यात कामाला असलेली, त्याच्याकडे वळली. ‘काका, एक सांगू? रागावू नका. त्यांचं बोलणं एक वेळ चालेल. तुमचं ते जरा थांबवाल का?’ ‘माझं काय?’ ‘ते. च्च.’ ‘मी तर काही बोललोच नाही,’ तो म्हणाला. ‘बोलला असतात तर बरं झालं असतं,’ ती म्हणाली, आणि फार लागू नये म्हणून थोडी हसली.

मी काही बोललोच नाही. ही त्याची एकुलती एक मिजास होती. वर्षानुवर्षं संध्याकाळची हीच बस, आणि एवढ्या वर्षांत त्यानं बसमध्ये कुणाला एक शब्द सुनावल्याचं कुणी दाखवून द्यावं. लोक बाह्या सरसावत, एकमेकांच्या आईबापांनी काय शिकवलं इथपर्यंत जात; तो गप्प. दिसत नव्हतं म्हणून गप्प असं नव्हे. त्याला जरा जास्तच दिसायचं. शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून खिडकीबाहेर असं बघणारे, की पिशवीनं जणू स्वतःचं वेगळं तिकीट काढलंय. दारात खिळून उभे राहणारे, ज्यांना उतरायचं असतं सगळ्यात शेवटी, पण दाराची माया सुटत नाही. दांड्याला हात लावायच्या ऐवजी सगळी पाठ टेकवून बाकीच्यांना हवेला धरायला लावणारे. पाठीवरची सॅक न काढता गर्रकन वळणारे आणि एका वळण्यात चार जणांचे चष्मे सरळ करायला लावणारे. शिंक येताना सभ्यपणे तोंड फिरवणारे, म्हणजे शेजाऱ्याच्या कानात शिंकणारे. या सगळ्यांना त्यानं नावं दिली होती. पिशवीबाई. दारवान. दुसऱ्याच्या फोनमधलं वाकून वाचणारा आणि पान फार लवकर सरकवलं की नाराज होणारा टायवाला. ही शेजारची मुलगी म्हणजे लवंग, कारण तिच्या कपड्यांना दवाखान्यातल्या लवंगेच्या तेलाचा वास यायचा. आणि तो अन्यायही करत नसे. पिशवीबाईनं एकदा घेरी आलेल्या माणसाला आपली जागा, पाणी आणि वर एक पेपरमिंट दिली होती, तेव्हा तिच्या नावावरचं बरंच काही त्यानं मनातल्या मनात वजा करून टाकलं होतं. मनातल्या मनात. तिथेच तर सगळं होतं. बसमध्ये न्यायाधीश बसलेला आहे आणि आरोपींना त्याचा पत्ता नाही, या विचारानं त्याचा रोजचा प्रवास सुखाचा होत असे.

‘मी च्च करतो?’ त्यानं आवाज खाली आणून विचारलं. उत्तर मुलीनं दिलं नाही, दांड्याला लटकलेल्या टायवाल्यानं दिलं. ‘करता की. आम्हाला वाटलं, मुद्दाम करता.’ ‘रोज?’ ‘रोज म्हणजे? मी चढलो की माझा एक ठरलेला असतो. नाही झाला तर काहीतरी विसरून आल्यासारखं वाटतं.’ ‘मागे तुम्ही रजेवर होतात ना,’ मुलगी म्हणाली, ‘तेव्हा यांनीच करून बघितलं होतं. पण तुमच्यासारखं नाही जमलं.’ ‘जिभेत तेवढा जोर नाही माझ्या,’ टायवाला कबुलीच्या सुरात म्हणाला. पलीकडच्या बाकावरून पिशवीबाईनं मान न वळवता भर घातली, ‘पाल म्हणतात तुम्हाला. आता विषय निघालाच आहे म्हणून सांगते.’ दोघंतिघं हसले. त्यात वाकडेपणा नव्हता. घरात जुन्या खोडीवर हसतात तसं ते हसणं होतं, आणि म्हणूनच त्यालाही हसावं लागलं. आपण सगळ्यांची नावं ठेवली, पण सगळे मिळून आपलं एक ठेवतील हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. भिंतीवर बसून खालच्यांकडे बघणारी, मध्येच चुकचुकणारी. नाव चपखल होतं. त्यानं ठेवलेल्या नावांपेक्षा उजवं होतं, हे त्याला तशाही स्थितीत मान्य करावं लागलं. मागचा माणूस म्हणाला, ‘हॅलो, अरे पांढऱ्या-सारखा,’ आणि च्च. या खेपेला तो त्यानंही ऐकला. कोरडा, नेमका, टाळूवरून सुटलेला, काडी मोडल्यासारखा आवाज. तोंड त्याचंच होतं. मुलगी भुवया उंचावून समोर बघत राहिली, हे बघा, अशा अर्थानं.

हा आवाज त्यानं कमावलेला होता. त्याची नोकरी कापड तपासायची. गिरणीतून आलेला तागा उजेड लावलेल्या काचेच्या मेजावरून सरकत जातो, तपासणारा दोन्ही हातांनी दोन्ही काठ ताणून धरतो आणि बघतो; मेजाच्या टोकाला एक बाई खटक्यावर हात ठेवून उभी असते. दोष दिसला की यंत्र थांबवायचं, दोषाच्या समोर काठाला लाल दोरा बांधायचा, पुन्हा सुरू. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो शिकला, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘थांब म्हणू नकोस. थांब म्हणून होईपर्यंत गाठ पुढे निघून जाते. तोंड उघडलंस की नजर हलते. जीभ टाळूला लाव आणि सोड.’ म्हणून च्च. गाठ, च्च. सुटलेला धागा, च्च. तेलाचा डाग, च्च. टोकाच्या बाईचा हात आवाजासरशी पडायचा, कापड जागच्या जागी थांबायचं आणि लाल दोरा बरोबर जिथे हवा तिथे बसायचा. म्हाताऱ्यानं त्याला एकदा शाबासकीही दिली होती, तुझी जीभ तुझ्या डोळ्याच्या आधी बघते म्हणून. त्या वाक्यावर तो कितीतरी दिवस खूश होता. आता बसमध्ये, लोकरीच्या बॅगेवर हनुवटी टेकून, त्याला ते वाक्य पुन्हा आठवलं आणि ते पूर्वीइतकं गोड लागलं नाही. डोळ्याच्या आधी बघते. म्हणजे डोळ्याला विचारत नाही. म्हणजे संध्याकाळी कामावरून सुटल्यावर हात धुतले, डबा घेतला, बस पकडली, पण जीभ काही सुटली नव्हती. ती तशीच कामावर होती. बसमध्ये होती. आणि मग बसमधून उतरून, जिना चढून, दार उघडून.

त्याच्या उतरायच्या जागी बस थांबली. सवयीनं तो अर्धा उठला, बॅगेनं त्याला परत खाली बसवलं. आज पुढे जायचं होतं, याच बसनं, शेवटच्या स्टॉपपर्यंत. तिथे मेहुणी राहत होती आणि मेहुणीकडे बायको. या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती मदतीला गेली होती. गुडघा केव्हाच बरा झाला. बायको फोनवर म्हणायची, ‘येईन हो. घाई काय आहे?’ आवाजात राग नाही, रुसवा नाही. रुसवा असता तर तो काढता आला असता. काल म्हणाली, ‘थंडी पडायला लागलीय. माझे गरम कपडे आणून द्याल का? सगळेच आणा.’ सगळेच. त्या एका शब्दावर तो रात्रभर कुशी बदलत राहिला होता. एखादा स्वेटर मागणारं माणूस परत यायचं असतं. सगळेच मागणारं माणूस राहायला गेलेलं असतं. सकाळी कपाट रिकामं करताना तिचा जुना करडा कोट हातात धरून तो बराच वेळ उभा होता आणि मनात आपली बाजू मांडत होता. मी हिला कधी टाकून बोललो? कधी आवाज चढवला? शेजारच्यांच्या घरातली भांडणं भिंतीतून ऐकू येत. आपल्या घरातून त्यांना काय ऐकू गेलं असेल? काहीच नाही. जाताना दारात तिनंही तेच तर म्हटलं होतं, ‘तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत, हे मात्र खरंय.’ त्यानं ते प्रशस्तिपत्रक समजून घडी घालून ठेवलं होतं. बस त्याच्या घरावरून पुढे निघाली, त्याच्या खिडकीत दिवा नव्हता, आणि त्या वाक्याची घडी हळूहळू उलगडायला लागली.

ती पूर्वी कामं करताना गुणगुणायची. सुरात असायची असं नाही. एका ठरावीक जागी घसरायची, दरवेळी तिथेच. कधीतरी ते गुणगुणणं थांबलं. केव्हा, ते त्याला आठवेना. घड्याळाची टिकटिक बंद पडलेली जशी नंतर कधीतरी ध्यानात येते, तसं. पाहुण्यांसमोर ती किस्से सांगायची, आणि किस्स्यातल्या मामाला कधी दिराचा शर्ट चढवायची, कधी गाडी चुकल्याची गोष्ट गाडी मिळाल्यासारखी सांगायची. मग मध्येच ती थांबायची, त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, ‘जाऊ दे, यांना नीट आठवतं.’ यांना नीट आठवतं याचं त्याला बरं वाटायचं. ती का थांबली, हे त्यानं कधी स्वतःला विचारलं नाही. आता विचारायची गरज नव्हती. पंगतीतल्या हसण्याखालून, पाठीमागून, त्याला तो कोरडा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. ती कणीक मळताना पाणी जास्त घालते, च्च, हात थांबतो. चादर घालताना एक बाजू लांब सोडते, च्च, हात थांबतो. लहानपणी मुलगा चित्र काढून दाखवायला आणतो, चित्रातल्या घराला दार घातलेलं नाही, च्च. आणि नंतर चित्रं आईलाच दाखवली जातात, स्वयंपाकघरात, दार ओढून घेऊन. तिचा तो थांबलेला हात त्याला आता फार जवळून दिसला. टोकाच्या बाईसारखाच थांबायचा, आवाजासरशी. फरक एवढाच होता की कामावर पुढे लाल दोरा बांधला जायचा. इथे दोष आहे, एवढाच आहे, बाकीचा तागा चांगला आहे, असं तो दोरा सांगायचा. घरात नुसता आवाज व्हायचा. दोरा कुणी बांधलाच नाही. ती बिचारी हात थांबवून उभी, आणि नक्की कुठे काय बिघडलं ते तिनं स्वतःच शोधायचं, पाण्यात की कणकेत की हातात, आणि नाही सापडलं की मग सगळ्या ताग्यावरच संशय घ्यायचा.

लवंग उतरायला उठली. त्याची बॅग चुकवून निघताना म्हणाली, ‘काका, मनाला लावून घेऊ नका हं. डॉक्टरांकडे लोक दात आवळून येतात, तुम्ही निदान जीभ मोकळी सोडता.’ ‘उद्यापासून नाही करणार,’ तो म्हणाला. ‘बघू,’ ती म्हणाली, डॉक्टर जसं गोड कमी करतो म्हणणाऱ्यांना म्हणत असतील तसं. तिच्या जागेवर एक मनुष्य येऊन बसला आणि त्यानं बूट काढून पाय मोज्यांसकट वर घेतले. जीभ उठली. त्यानं ती दातांखाली दाबून धरली. हे अवघड होतं, आणि विचित्रही होतं, कारण आवाज बाहेर न पडल्यामुळे बघितलेलं आत तसंच साचून राहत होतं. मोजा, मोज्याचं भोक, भोकातला अंगठा. आवाज केला की निकाल लागायचा आणि पुढचं प्रकरण हाती घेता यायचं. आता त्या अंगठ्याकडे बघत बसावं लागलं. बघता बघता त्याला दिसलं की घोट्याभोवती बुटाचा वळ उमटलाय, लाल, खोल. माणूस दिवसभर उभं राहायचं काम करत असावा. हे त्याला एरवी दिसलं नसतं, तोवर तो पुढच्या आरोपीकडे गेलेला असता. शेवटचा स्टॉप आला तेव्हा बसमध्ये तुरळक लोक उरले होते. बॅग दारातून निघेना. मागून फरशीवाल्याचा आवाज आला, ‘थांब रे, ठेवतो जरा, इथे एका काकांचं सामान अडकलंय,’ आणि त्यानं फोन खिशात टाकून बॅग एका हिसक्यात बाहेर काढली, रस्त्याच्या कडेपर्यंत नेऊन ठेवली. ‘थँक यू,’ तो म्हणाला, आणि मग त्याला राहवेना. ‘तुम्ही फार मोठ्यानं बोलता फोनवर.’ माणूस चमकला नाही. ‘हो का? आईला कमी ऐकू येतं. सवयच लागली. सांगत जा ना.’ एवढं म्हणून तो खिशातून फोन काढत आपल्या वाटेनं गेला. सांगत जा ना. इतकं सोपं होतं ते.

दार मेहुणीनं उघडलं. ‘या भावजी. माझ्या गुडघ्याची चौकशी करू नका, त्याला काही धाड भरलेली नाही,’ असं म्हणून ती बॅगेकडे, मग त्याच्याकडे बघत आत निघून गेली, आणि आत जाताना दार मुद्दाम जरा जोरात लावून घेतलं. बायको बाहेर आली. केस थोडे वेगळे बांधलेले होते, चेहरा भरल्यासारखा वाटत होता. ‘सगळे आणलेत?’ ‘सगळे.’ ‘जड झाली असेल बॅग.’ ‘नाही. एकानं उचलून दिली.’ मग ती चहा करून घेऊन आली, आणि दोघं समोरासमोर बसले, मुलगी बघायच्या कार्यक्रमात बसतात तसे, फक्त या वेळी बघायला तो आला नव्हता. कपावर साय धरलेली होती, पिवळसर, सुरकुतलेली. लग्न झाल्यापासून रोज दोन वेळा ही साय त्याच्या समोर आलेली होती. जीभ उठली, टाळूला लागली. आवाज झाला नाही; पण जबडा हलला असावा, कारण तिचा कप तोंडाकडे जाता जाता हवेतच थांबला. तो थांबलेला हात त्याला दिसला. तीस वर्षं दिसत होता, आज त्यानं पाहिला.

‘चहात साय आहे,’ तो म्हणाला. आपलाच आवाज त्याला अनोळखी वाटला, खरखरीत, परक्या घरात फार मोठा. ‘मला साय आवडत नाही.’

तिनं कप खाली ठेवला. ‘कधीपासून?’

‘पहिल्यापासून.’

‘म्हणजे इतकी वर्षं ते सायीचं होतं?’

‘सकाळ-संध्याकाळचं सायीचं. बाकीचं दुसरं.’

आतल्या खोलीत मेहुणी उगाचच भांडी लावत होती, तो आवाज थांबला. ‘तुम्हाला माहीत आहे मला काय वाटायचं?’ ती म्हणाली. ‘मला वाटायचं, मी खोलीत आले की होतं ते. मी आले म्हणून. मी पावलं न वाजवता यायला लागले होते, तुमच्या लक्षात आलं होतं?’ ‘नाही.’ ‘नाहीच येणार. आणि इथे ते सायीवरनं. दोन पैशांचं गाळणं हातात घ्यायला काय झालं होतं तुम्हाला?’ ‘घ्यायला हवं होतं.’ ‘माझ्याकडे बघून च्च करण्यापेक्षा गाळणं सोपं नव्हतं?’ ‘मला वाटत होतं, मी काही बोलतच नाही,’ तो म्हणाला, आणि हे सांगताना त्याला इतकी लाज वाटली की त्यानं साय बोटानं काढून बशीत ठेवली, ती बोटाला चिकटली, आणि ती कुठे पुसावी हे त्याला सुचेना. तिनं रुमाल पुढे केला नाही. बघत राहिली. मग म्हणाली, ‘कपडे ठेवून जा. यायचं की नाही ते माझं बोलून झाल्यावर ठरवेन. आणि मध्ये तोंडातून आवाज आला तर उठून जाईन आत.’ ‘बरं.’ ‘आणखी काय काय आहे तेही सांगायचं. सायीसारखं. एकेक, नीट, नाव घेऊन.’ ‘सांगतो.’ ‘आधी माझं.’

तिनं पाय वर घेतले, पदर खोचला, आणि सुरुवात केली. सुरुवात मुलाच्या चित्रापासून नव्हती, त्याला वाटलं होतं तशी. ती होती कुठल्याशा लग्नातल्या फोटोपासून, ज्यात त्यानं तिला सांगितलंच नव्हतं की तिच्या गालाला हळद लागलीय, नुसता च्च केला होता, आणि ती अख्खा दिवस आपल्या साडीत दोष शोधत फिरली होती. मग त्याची वर्तमानपत्रं. मग न्हाणीघरातली त्याची बादली, जी कुणी हलवायची नाही. सांगताना ती मध्येच घसरली, फोटो ती म्हणाली तसा बहिणीच्या लग्नातला नव्हताच, चुलत बहिणीच्या लग्नातला होता. जीभ टाळूपर्यंत जाऊन आली आणि त्यानं ती सावकाश खाली ठेवली. ती बोलत होती. हात हवेत फिरत होते, आवाज चढत होता, उतरत होता, एकदा डोळे भरले तेही तिनं बोलता बोलताच पुसले. मेहुणी बाहेर आली, दिवा लावला, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि परत आत गेली. ‘आणि ते बैठकीतले मातकट पडदे,’ बायको म्हणत होती, ‘तुमच्या पसंतीचे. काही बोलले का मी? घरी आल्या आल्या आधी ते उतरवणार आहे, आणि तुमची ती खुर्ची, ती तर...’ आणि बोलणं खुर्चीवर गेलं. घरी आल्या आल्या. तिच्या स्वतःच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याला ते शब्द समोरून सरकताना अगदी स्वच्छ दिसले, उजेड लावलेल्या काचेवरून जावेत तसे. त्यानं श्वास रोखला, दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले, आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.